एक्सएमएल शिका, पण आपल्याच मालाच्या यादीवर



एक्सएमएलचं नाव काढलं की बॅचमधले निम्मे लोक वही मिटतात. "सर, हे कॉम्प्युटरवाल्यांचं, आपल्याला काय करायचंय?" हा प्रश्न ठरलेला. त्यावर मी उलट एक प्रश्न विचारतो. तुमच्या बिलिंग सॉफ्टवेअरवाल्यानं उद्या वार्षिक फी दुप्पट केली आणि तुम्ही दुसरं सॉफ्टवेअर घ्यायचं ठरवलं, तर तुमच्या मालाची यादी, गिऱ्हाइकांची खाती आणि मागच्या तीन वर्षांची बिलं तुमच्याबरोबर येतील का?

आमच्या एका बॅचमध्ये मसाल्यांचा व्यवसाय करणाऱ्या एक ताई होत्या. साडेतीनशेच्या आसपास वस्तू, प्रत्येकीची तीन-चार वजनं. सॉफ्टवेअर बदलायचं ठरलं तेव्हा जुन्या कंपनीनं त्यांना माल-यादी दिली ती पीडीएफमध्ये. पीडीएफ म्हणजे काय, तर छापलेला कागद, फक्त पडद्यावर. तो वाचता येतो, पण नव्या सॉफ्टवेअरमध्ये ओतता येत नाही. ताईंनी आणि त्यांच्या मुलीनं दुकान बंद झाल्यावर रोज रात्री बसून सगळं पुन्हा टाइप केलं. आकडे हातानं टाइप केले की काही भाव इकडचे तिकडे होणारच, तेही झालं. तीच यादी एक्सएमएलमध्ये मिळाली असती तर ते काम एका दुपारचं होतं.

म्हणून हा धडा. व्हिडिओत मी पडद्यावर करून दाखवलं आहेच, इथं सावकाश वाचत करा.

आधी ही चीज काय आहे ते. एक्सएमएल ही प्रोग्रॅमिंगची भाषा नाही. ती काही "करत" नाही, बेरीज नाही, वजाबाकी नाही. ती फक्त माहितीला लेबल लावते. तुमच्या दुकानात बरण्या असतात ना, तसंच. बरणीवर "हळद" लिहिलेलं असलं की नवीन पोरगासुद्धा बरोबर बरणी काढतो. लेबल नसेल तर हळद आणि बेसन यांत तो गोंधळणारच. एक्सएमएलमध्ये या लेबलला टॅग म्हणतात. वेबसाइटच्या एचटीएमएलमध्ये टॅग ठरलेले असतात, एक्सएमएलमध्ये ते तुम्ही ठरवता. नावातला "एक्स" एक्स्टेन्सिबलचा, म्हणजे वाढवता येणारी. १९८६ साली एसजीएमएल नावाची एक मोठी, किचकट भाषा आंतरराष्ट्रीय मानक झाली होती. वेबसाठी तिचंच सुटसुटीत रूप तयार करून डब्ल्यू३सी या संस्थेनं ते फेब्रुवारी १९९८ मध्ये जाहीर केलं. तेच आपलं एक्सएमएल. इतिहास एवढा पुरे.

आता नोटपॅड उघडा आणि हे टाइप करा. हो, मराठीतच.

<दुकान>
  <वस्तू कोड="ह१">
    <नाव>हळद पावडर</नाव>
    <वजन एकक="ग्रॅम">२००</वजन>
    <एचएसएन>०९१०</एचएसएन>
    <विक्रीभाव>७०</विक्रीभाव>
  </वस्तू>
  <वस्तू कोड="म१">
    <नाव>लाल तिखट</नाव>
    <वजन एकक="ग्रॅम">२००</वजन>
    <एचएसएन>०९०४</एचएसएन>
    <विक्रीभाव>९५</विक्रीभाव>
  </वस्तू>
</दुकान>

सेव्ह करताना फाईलच्या नावाच्या शेवटी टिंब आणि एक्सएमएल ही तीन इंग्रजी अक्षरं, "सेव्ह ॲज टाइप" मध्ये "ऑल फाइल्स", आणि एन्कोडिंग यूटीएफ-८. मग ती फाईल क्रोम किंवा फायरफॉक्समध्ये ओढून टाका. सगळं बरोबर असेल तर फाईल झाडासारखी उघडेल, प्रत्येक वस्तू मिटता-उघडता येईल. झालं, तुम्ही एक्सएमएल लिहिलंत.

बऱ्याच जणांना वाटतं की टॅग इंग्रजीतच लागतात. तसं नाही. टॅगच्या नावात देवनागरी चालते, हे मानकातच आहे. शिकताना मी मुद्दाम मराठी टॅग लिहायला लावतो, कारण डोकं एका वेळी एकाच नव्या गोष्टीशी झुंजतं. मात्र एक लक्षात ठेवा. तुमची फाईल जे सॉफ्टवेअर वाचणार आहे, त्याला त्याचेच टॅग लागतात. टॅलीचे टॅग इंग्रजी मोठ्या अक्षरांत आहेत, ते तसेच लिहावे लागतात. आकड्यांचंही तेच. सरावात देवनागरी अंक लिहिलेत तरी चालेल, पण प्रत्यक्ष कामाच्या फाईलमध्ये अंक इंग्रजीच टाका, कारण बहुतेक सॉफ्टवेअर देवनागरी ७० ला संख्या मानत नाही, ते त्याला नुसता मजकूर समजतं.

आता नियम. ते मोजके आहेत, पण एक्सएमएल त्यांत अजिबात सूट देत नाही. एचटीएमएलमध्ये एखादा टॅग बंद करायचा राहिला तर ब्राउझर सांभाळून घेतो. एक्सएमएलमध्ये एक चूक झाली की अख्खी फाईल नापास. पहिल्यांदा याचा राग येतो, पण हिशेबाच्या माहितीसाठी असाच खडूस कारकून हवा.

उघडलेला प्रत्येक टॅग बंद करायचा, आणि जो शेवटी उघडला तो आधी बंद करायचा. डब्यात डबा ठेवतो तसं. आतल्या डब्याचं झाकण बाहेरच्या डब्याच्या आधी लागलं पाहिजे. सगळ्यात बाहेर एकच डबा असतो, वरच्या फाईलमध्ये तो <दुकान>. टॅगच्या नावात मोकळी जागा चालत नाही. "विक्री भाव" असं सुटं लिहिलंत तर फाईल मोडेल, म्हणून मी विक्रीभाव असं जोडून लिहिलंय. नावाची सुरुवात आकड्यानं करता येत नाही. कोड किंवा एकक यांसारख्या टॅगमधल्या जादा माहितीची किंमत नेहमी अवतरणचिन्हांत, आणि तीही साधी सरळ अवतरणचिन्हं. वर्डमध्ये टाइप करून चिकटवलंत की वर्ड ती वळणदार करून टाकतो आणि फाईल बसते. म्हणून हे काम वर्डमध्ये करू नका, नोटपॅड बरं.

उघडणारा आणि बंद होणारा टॅग अक्षरन् अक्षर सारखा हवा. इंग्रजीत हा नियम मोठ्या-लहान अक्षरांना लागतो. मराठीत तो कुठं चावतो माहितीय? ह्रस्व-दीर्घात. <वस्तू> उघडलंत आणि </वस्तु> नं बंद केलंत, तर कॉम्प्युटरसाठी ती दोन वेगळी नावं आहेत. शाळेत शुद्धलेखनाचे मार्क कापणाऱ्या बाई आठवल्या असतील.

आता सगळ्यांचं घोडं जिथं अडतं ते. व्यापारात "अँड" चं चिन्ह सगळीकडे असतं. अमुक & सन्स, तमुक & कंपनी. हे & चिन्ह एक्सएमएलमध्ये राखीव आहे, ते दिसलं की कॉम्प्युटर समजतो की पुढे काहीतरी खास येणार. त्यामुळे खातेदाराच्या नावात नुसतं & असेल तर पाचशे खात्यांची फाईल त्या एका चिन्हावर अडते. उपाय सोपा आहे. तिथं & लिहून त्याला जोडून ए, एम, पी ही छोटी इंग्रजी अक्षरं आणि शेवटी अर्धविराम लिहायचा. वाचणारं सॉफ्टवेअर त्याचं पुन्हा & करून घेतं. "पेक्षा लहान" या कोनी चिन्हालाही असाच पर्याय आहे, एल आणि टी या अक्षरांचा, पण ते चिन्ह दुकानाच्या यादीत क्वचित येतं. & मात्र रोजचं. तुम्हाला कुणी "फाईल इम्पोर्ट होत नाही" म्हणालं तर आधी & शोधा. दहापैकी किती वेळा तेच निघतं हे मी मोजलेलं नाही, पण माझा हात पहिल्यांदा तिथंच जातो.

एरर वाचायची सवय लावा. ब्राउझर ओळीचा नंबर देतो. पण तो नंबर म्हणजे कॉम्प्युटरला चूक कळली ती ओळ, चूक झाली ती ओळ नव्हे. आठव्या ओळीवर टॅग बंद करायचा राहिला असेल तर बोंब अकराव्या ओळीवर होऊ शकते. दिलेल्या ओळीवर काही सापडलं नाही तर तिथून वर वर वाचत जा.

मग एक्सेल काय वाईट आहे, असं तुम्ही विचाराल. काही वाईट नाही. नुसती सपाट यादी असेल, एका ओळीत एक वस्तू, तर एक्सेल किंवा सीएसव्ही पुरेसं आहे, उगाच एक्सएमएलच्या मागे लागू नका. गंमत म्हणजे एक्सेलच्या आतही एक्सएमएलच आहे. २००७ पासूनची एक्सेल फाईल म्हणजे एक झिप पिशवी असते. एखाद्या फाईलची कॉपी करा, तिचं एक्स्टेन्शन बदलून झिप करा आणि उघडा. आत वर्कशीट्सच्या फोल्डरमध्ये तुमची शीट एक्सएमएलच्या रूपात पडलेली दिसेल. हा प्रयोग जरूर करा, भीती निम्मी जाते.

एक्सएमएल लागतं ते माहितीच्या पोटात माहिती असते तेव्हा. आपल्या धंद्यातलं सगळ्यात चांगलं उदाहरण म्हणजे बिल.

<बिल क्रमांक="११२" तारीख="२०२५-०४-०७">
  <ग्राहक>नाक्यावरचं किराणा</ग्राहक>
  <ओळ>
    <नाव>हळद पावडर</नाव>
    <नग>१०</नग>
    <दर>७०</दर>
  </ओळ>
  <ओळ>
    <नाव>लाल तिखट</नाव>
    <नग>५</नग>
    <दर>९५</दर>
  </ओळ>
</बिल>

एका बिलात दोन ओळी असतील किंवा वीस. एक्सेलमध्ये हे मांडायचं तर ग्राहकाचं नाव आणि तारीख वीस वेळा लिहा, नाहीतर दोन वेगळ्या शीट करून नंबरावरून जुळवत बसा. इथं बिल एक आणि त्याच्या पोटात हव्या तितक्या ओळी.

तारीख मी उलटी का लिहिली तेही बघा. ०७/०४ लिहिलं तर आपण सात एप्रिल वाचतो, अमेरिकन पद्धतीचं सॉफ्टवेअर चार जुलै वाचतं. वर्ष, महिना, दिवस या क्रमात हा घोळ राहत नाही. टॅलीच्या फाईलमध्ये तर मधल्या रेघाही नसतात, आठ अंक सलग असतात. तसंच एचएसएनचं. मसाल्यांचे कोड शून्यानं सुरू होतात. एक्सेलमध्ये ०९१० टाकलंत की तो शहाणपणा करून ९१० करतो, रकाना आधी टेक्स्ट केला नसेल तर. एक्सएमएलच्या फाईलमध्ये तुम्ही लिहिलेलं शून्य तसंच राहतं. पण ती फाईल एक्सेलमध्ये उघडून परत सेव्ह केलीत तर पुन्हा तीच कथा, तेव्हा तपासून घ्या.

हे कुठं कामाला येतं? टॅलीप्राइममध्ये माल-यादी किंवा खाती एक्स्पोर्ट करताना फॉरमॅट एक्सएमएल निवडता येतो, आणि तशीच फाईल इम्पोर्टही होते. नव्या आवृत्त्यांत एक्सेलमधूनही इम्पोर्ट करता येतं, तेव्हा घाबरून जाऊ नका. माझी शिकवायची पद्धत अशी आहे. टॅलीत हातानं एकच वस्तू तयार करा, ती एक्सएमएलमध्ये एक्स्पोर्ट करा, नोटपॅडमध्ये उघडा. टॅगांचं जंगल दिसेल. त्यात तुम्ही टाकलेलं नाव, एकक, एचएसएन शोधा. बाकीचे टॅग टॅली स्वतःसाठी ठेवते. मग एका नमुना कंपनीत, म्हणजे खोट्या कंपनीत, ती फाईल इम्पोर्ट करून बघा. खऱ्या कंपनीत हात घालण्याआधी बॅकअप घ्यायचा, हे मी प्रत्येक व्हिडिओत सांगतो आणि प्रत्येक बॅचमध्ये कुणीतरी घेत नाही.

व्हाउचर, म्हणजे बिलं आणि पावत्या, इम्पोर्ट करायची घाई मात्र करू नका. टॅलीच्या एक्सएमएलमध्ये नावेची रक्कम वजा चिन्हासह जाते, जमेची अधिक. कॉमर्स शिकलेल्या माणसालाही हे पहिल्यांदा उलटं वाटतं. फाईल नियमात बसेल, इम्पोर्टही होईल, आणि चिन्ह चुकलं असेल तर येणं असलेली रक्कम देणं म्हणून दिसेल. हे काम अकाउंटंटला शेजारी बसवून करा.

ऑनलाइन विकणाऱ्यांसाठी गूगलचं मर्चंट सेंटर आहे. तिथं मालाची यादी एक्सएमएल फीडनं देता येते. त्यात गूगलच्या टॅगांच्या आधी जी हे अक्षर आणि विसर्गासारखं दिसणारं कोलन असतं. याला नेमस्पेस म्हणतात. गावात दोन गणपत असले की आपण "खालच्या आळीचा गणपत" म्हणतो ना, तेच. "टायटल" नावाचा टॅग दोघांकडे असेल तर हा कुणाचा, हे त्या पुढच्या अक्षरावरून कळतं. किंमत लिहिताना आकडा आणि पुढे रुपयासाठीचा तीन इंग्रजी अक्षरांचा कोड, आय-एन-आर. आणि फीडमधला भाव तुमच्या वेबसाइटवरच्या भावाशी जुळला नाही तर गूगल ती वस्तू नाकारू शकतं. सणासुदीला वेबसाइटवर भाव कमी केलात आणि फीड तशीच ठेवलीत की नेमका सीझनमध्ये माल दिसेनासा होतो.

वेबसाइटचा साइटमॅपही एक्सएमएलच असतो, एका फाईलमध्ये जास्तीत जास्त ५०,००० पानांचे पत्ते. आपल्यासारख्यांना ती मर्यादा जन्मात लागणार नाही, आणि वेबसाइट बनवणारं सॉफ्टवेअर तो बहुधा आपोआप करतं. यूपीआयमध्ये बँका आणि एनपीसीआय यांच्यात जे निरोप फिरतात तेही एक्सएमएलमध्येच लिहिलेले. सगळीकडे हेच आहे असं मात्र नाही. जीएसटी पोर्टलच्या ऑफलाइन टूलमधून विवरणपत्राची जी फाईल निघते ती जेसन असते, ई-इनव्हॉइससुद्धा जेसनमध्ये. जेसनची चिन्हं वेगळी, महिरपी कंस वगैरे, पण पोटात पोट ही कल्पना तीच. एक आलं की दुसरं आठवडाभरात वाचता येतं.

एक गोष्ट थोडी जपून समजून घ्या. ब्राउझरमध्ये फाईल नीट उघडली याचा अर्थ इतकाच की तिचे टॅग नियमात आहेत. इंग्रजीत याला वेल-फॉर्म्ड म्हणतात. हळदीचा विक्रीभाव ७० ऐवजी ७ पडला असेल, किंवा विक्रीभावाच्या जागी "संपली" लिहिलं असेल, तरी ब्राउझर हूं की चूं करणार नाही. त्यासाठी पुढची पायरी असते, एक्सएसडी नावाची नियमांची फाईल. विक्रीभावात फक्त संख्या हवी, एचएसएन चार, सहा किंवा आठ अंकीच हवा, नाव रिकामं चालणार नाही, असं त्यात लिहिता येतं. त्या नियमांतही बसली की फाईल व्हॅलिड. पण ७० चे ७ झाले हे एक्सएसडीलाही कळणार नाही, कारण ७ ही संख्याच आहे. किमान भाव १० हवा असा नियम तुम्ही घातलात तर पकडेल. त्याच्यापुढचं काम कुणा माणसाचं. इम्पोर्टनंतर पाच-दहा वस्तू कुठूनही उचलून बरणीवरच्या भावाशी ताडून बघा, आणि एकूण वस्तूंची संख्या जुन्या यादीशी जुळवा.

इंटरनेटवर फाईल तपासून देणाऱ्या फुकट साइट्स भरपूर आहेत. सरावाच्या हळद-तिखटाला वापरा. गिऱ्हाइकांची नावं, फोन, उधारी असलेली फाईल तिथं चिकटवू नका. आधारच्या ऑफलाइन ई-केवायसीची फाईलही एक्सएमएलच असते, त्यात नाव, पत्ता, फोटो सगळं असतं. तीही तिथं नको. ब्राउझर तुमच्याच कॉम्प्युटरवर फाईल तपासतो, तेवढं पुरेसं आहे.

मराठीत यादी ठेवणाऱ्यांसाठी आणखी एक. जुनी यादी श्रीलिपी किंवा कृतिदेवच्या जुन्या फॉन्टमध्ये असेल तर ती आतून इंग्रजी अक्षरंच असतात, फक्त दिसायला मराठी. एक्सएमएलमध्ये टाकलीत की फॉन्टचा पडदा निघतो आणि भलतंच दिसतं. आधी ती युनिकोडमध्ये बदलून घ्या, मग टॅग लावा. आणि फाईल उघडल्यावर प्रश्नचिन्हांची रांग दिसली तर सेव्ह करताना यूटीएफ-८ निवडायचं राहिलंय.

आता सॉफ्टवेअर घेताना विक्रेत्याला काय विचारायचं ते. "माझी माल-यादी, खाती आणि बिलं एक्सएमएल किंवा एक्सेलमध्ये बाहेर काढता येतात का? मी स्वतः काढू शकतो, की तुम्हाला फोन करावा लागेल? त्याचे वेगळे पैसे आहेत का?" डेमोमध्येच एक फाईल काढून दाखवायला सांगा आणि ती नोटपॅडमध्ये उघडून बघा. नावं आणि भाव वाचता आले पाहिजेत. "होतं सर, नंतर करून देऊ" हे उत्तर मिळालं तर पैसे देण्याआधी ते लेखी मागा. सध्या जे सॉफ्टवेअर वापरताय त्यातूनही महिन्याला एकदा अशी फाईल काढून पेनड्राइव्हवर ठेवा.

गृहपाठ: आपल्या दुकानातल्या, नाहीतर घरातल्या फडताळातल्या दहा वस्तू घ्या आणि वरच्यासारखी फाईल करा. त्यातल्या एका नावात मुद्दाम & टाका, एक टॅग ह्रस्व उघडून दीर्घ बंद करा, एक टॅग बंदच करू नका. ब्राउझर काय म्हणतो, कुठल्या ओळीवर म्हणतो, ते वहीत लिहा आणि एकेक चूक दुरुस्त करत फाईल परत उघडा. मग वरच्या बिलात तिसरी ओळ घाला. पुढच्या व्हिडिओत याच दहा वस्तूंसाठी आपण एक्सएसडी लिहिणार आहोत, तेव्हा फाईल पुसू नका.